प्रवाळभित्तीवर डायव्हिंग: कशालाही न टेकता पाहायचं कसं

उबदार, नितळ, उथळ पाणी आणि समोर प्रवाळ. स्कूबा शिकायला याहून सोयीची जागा नाही, असं बहुतेकांना वाटतं आणि ते खरंही आहे. पण पाणी सोपं असल्यामुळेच नवखे डायव्हर सगळ्यात जास्त इथे उतरतात, आणि इथला तळ जिवंत असतो. वाळूवर गुडघे टेकले तर फारसं बिघडत नाही. प्रवाळावर टेकले तर हजारो जीव चिरडतात. म्हणून माझं ठाम मत आहे की भित्तीवर जाण्याआधी एक कौशल्य अंगात मुरायला हवं: पाण्यात अधांतरी राहणं. ते जमलं की हवा पुरते, दम लागत नाही, मासे बिचकत नाहीत आणि भित्तीही शाबूत राहते. या लेखातली बहुतेक जागा मी त्यालाच देणार आहे.

आधी भित्ती समजून घ्या

लांबून खडकासारखी दिसणारी ही रचना म्हणजे चुनखडीचा सांगाडा आणि त्यावर पसरलेला पातळ जिवंत थर. त्या थरात पॉलिप नावाचे प्राणी असतात, बहुतेक जातींत जेमतेम काही मिलिमीटरचे. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं पॉलिपला मिळतं. ऊन हवं म्हणून भित्ती उथळ आणि स्वच्छ पाण्यात वाढते, साधारण २३ ते २९ अंश सेल्सियस तापमानात.

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात; यालाच विरंजन म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात हे जगभर घडलं. एप्रिल २०२४ मध्ये चौथी जागतिक विरंजन घटना जाहीर झाली. समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग न व्यापणाऱ्या या भित्त्यांवर सागरी जीवांच्या सुमारे पाव जाती आयुष्याचा कुठला ना कुठला काळ काढतात.

वाढीचा वेग लक्षात ठेवा. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला साधारण १० सेंटिमीटर वाढतात, भरीव गोळ्यासारखे प्रवाळ एखादा सेंटिमीटरच. म्हणजे माणसाच्या डोक्याएवढा गोळा ही दहाएक वर्षांची कमाई. डायव्हरच्या कमरेशी लोंबकळणारा, सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणारा प्रेशर गेज फांद्यांमधून घासत जातो तेव्हा पाण्यात बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो आणि बोटाएवढं एक टोक खाली पडतं. डायव्हर तोवर पुढे गेलेला असतो, त्याला कळतही नाही. फिनच्या (पायात घालायच्या वल्ह्यासारख्या पंखाच्या) फटक्याने उडालेली वाळूही तितकीच घातक. ती पॉलिपवर बसते, आणि ती झटकण्यासाठी चिकट स्राव सोडण्यात त्याची ताकद खर्च होते.

शिक्षण आणि तब्येत

प्रमाणपत्र नसेल तर प्रशिक्षकासोबतचा अनुभव-डायव्ह घेता येतो. त्यात सहसा १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सनंतर १८ मीटर, ॲडव्हान्स्डनंतर ३० मीटर आणि हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर. भित्तीवर खोलीचा हव्यास धरण्याचं काहीच कारण नाही. ऊन, रंग आणि गर्दी वरच्या १५ मीटरमध्येच सगळ्यात जास्त असते.

दमा, फुप्फुसाचं जुनं दुखणं किंवा शस्त्रक्रिया, हृदयविकार, अपस्मार, कानाच्या पडद्याचा त्रास यांपैकी काही असेल तर डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. गरोदरपणात डायव्हिंग नाहीच. सर्दी असेल तर त्या दिवशी सरळ सुट्टी घ्या. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खालीच संपला, तर वर येताना कानात किंवा सायनसमध्ये हवा अडकते, आणि ती वेदना भयानक असते. बऱ्याच काळाने डायव्ह करत असाल तर आधी तलावात किंवा वाळूच्या उथळ जागी उजळणी करा, भित्तीवर नको.

साहित्य: काय पाहून घ्यायचं

मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो तुमचा. कडेखाली एक केस जरी आला तरी पाणी झिरपतं.

पाणी उबदार म्हणून नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत उतरू नका. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेतं, त्यामुळे २८ अंशांतही पाऊण तासाने अंग काकडतं. पूर्ण बाह्यांचा ३ मिलिमीटरचा वेटसूट बहुतेकांना पुरतो आणि जेलीफिशपासूनही वाचवतो. अंग झाकलेलं असलं की सनस्क्रीनही फार लागत नाही. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाईने १ जानेवारी २०२१ पासून ती असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. पॅसिफिकमधल्या पलाऊ या देशाने त्याच्या एक वर्ष आधी. चेहऱ्याला लावायचंच असेल तर डबीवरची यादी वाचून घ्या.

हातमोजे घालू नका. अनेक सागरी उद्यानांत त्यांना मनाईच आहे, आणि ती योग्य आहे, कारण मोजा घातलेला हात बिनधास्त कुठेही पकडतो. खोली आणि वेळ दाखवणारा डायव्ह कॉम्प्युटर प्रत्येकाचा स्वतःचा हवा. बडीच्या (सोबतच्या जोडीदार डायव्हरच्या) कॉम्प्युटरवर विसंबू नका, कारण दोघांची खोली कधीच तंतोतंत सारखी नसते. जादा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं, तोंडात धरायचं उपकरण) आणि गेज बीसीडीला (हवा भरून-सोडून तोल साधायच्या जॅकेटला) क्लिपने छातीशी अडकवा. पृष्ठभागावर बोटीला दिसण्यासाठी फुगवायचा केशरी बोया आणि शिट्टी खिशात असू द्या.

वजन: सगळं इथे ठरतं

बहुतेक नवखे डायव्हर गरजेपेक्षा दोन-तीन किलो जास्त शिसं कमरेला बांधून उतरतात. लवकर खाली जाता येतं म्हणून ते बरं वाटतं. पण मग ते जादा वजन तोलायला बीसीडीत जादा हवा भरावी लागते, आणि ती हवा खोलीप्रमाणे आकसते आणि फुगते. पृष्ठभागावर दाब १ वातावरण असतो, १० मीटरवर २, २० मीटरवर ३. म्हणजे १० मीटरवरचा एक लिटर हवेचा फुगा पृष्ठभागावर दोन लिटरचा होतो. फुगा जितका मोठा तितके वरखाली होणारे झोके मोठे. शिवाय वजन कमरेला आणि फुगा खांद्याशी, त्यामुळे पाय खाली लोंबतात आणि प्रत्येक फटका भित्तीवर बसतो. भित्तीचं बरंचसं नुकसान बेपर्वाईपेक्षा या जादा वजनामुळेच होतं, असं मला वाटतं.

वजन असं तपासा:

१. पूर्ण साहित्य घालून, पाय टेकणार नाहीत इतक्या खोल पण शांत पाण्यात उभे राहा. रेग्युलेटर तोंडात हवाच.

२. बीसीडीतली सगळी हवा सोडा. पाय अजिबात हलवू नका. नकळत फिन हलतात, म्हणून घोटे एकमेकांवर ठेवा.

३. नेहमीचा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे.

४. श्वास पूर्ण सोडा. आता हळूहळू बुडायला हवं. दगडासारखे खाली गेलात तर एक किलो काढा. बुडतच नसाल तर एक किलो घाला. मग पुन्हा पहिल्यापासून.

५. सिलिंडर भरलेला असताना ही तपासणी केली असेल तर शेवटी सुमारे दोन किलो वाढवा. नेहमीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमधल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या आसपास असतं. डायव्ह संपत आला की तितकं हलकं व्हाल आणि सेफ्टी स्टॉपवर, म्हणजे वर येताना ५ मीटरवर घ्यायच्या थांब्यावर, टिकता येणार नाही. तपासणी सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना, ५० बारवर (बार हे हवेच्या दाबाचं एकक) केली असेल तर काही वाढवायची गरज नाही.

तलावातला आकडा समुद्रात चालत नाही. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं, म्हणून समुद्रात वजन थोडं जास्त लागतं. सूट बदलला, सिलिंडर बदलला, तरी तपासणी नव्याने. वजनं कमरेला एका जागी न लावता थोडी वर, सिलिंडरच्या पट्ट्यावर किंवा बीसीडीच्या मागच्या खिशात ठेवून पाहा. पाय खाली लोंबत असतील तर बहुतेक वेळा त्यानेच सुटतं.

उतरण्याआधी बडीसोबत

एकमेकांची तपासणी घाई न करता करा: बीसीडी फुगते आणि रिकामी होते का, वजनाचा पट्टा एका हाताने सुटतो का, सगळे बकल कुठे आहेत, हवा चालू आहे का. गेजकडे पाहत रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा लटपटला तर झडप पूर्ण उघडलेली नाही.

खुणा ठरवून घ्या. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नाही, ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल. सपाट पंजा डुगडुगवला की काहीतरी गडबड, गळ्यावरून हात फिरवला की हवा संपली. बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं आणि मग दोघांनीही नीट वर यायचं, हेही आधीच बोलून ठेवा.

हवेचा हिशोब बोटीवरच करा. समजा तुम्ही पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेता. १० मीटरवर तीच ४० होते, २० मीटरवर ६०. अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार भरलेले असतील आणि ५० बार राखीव ठेवायचे असतील, तर वापरायला साधारण १,६५० लिटर उरतात. ते १० मीटरवर चाळीसएक मिनिटं पुरतात, २० मीटरवर सत्तावीस. प्रवाह असेल तर सुरुवात प्रवाहाविरुद्ध करा म्हणजे परतताना त्याचीच मदत होते, आणि गेजच्या कोणत्या आकड्याला मागे फिरायचं तो आधी ठरवा. ज्याची हवा आधी त्या आकड्याला पोहोचेल त्याच्यासोबत दोघंही फिरतील.

खाली जाताना

वाळूचा तुकडा पाहून त्याच्यावर उतरा, प्रवाळावर नाही. पाय खाली ठेवून, बीसीडीतली हवा थोडी थोडी सोडत, श्वास लांब सोडत जा. कान पहिल्या मीटरपासूनच मोकळे करायला लागा: नाक चिमटीत धरून हळुवार फुंकायचं किंवा आवंढा गिळायचा. दुखायला लागल्यावर नाही, त्याआधी, आणि दर अर्ध्या मीटरला. जोर लावू नका. कान उघडला नाही तर मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. तरीही नाही उघडला तर त्या दिवशीचा डायव्ह संपला. त्यात कमीपणा काहीच नाही.

दर दोन-तीन मीटरला बीसीडीत हवेचा छोटासा फुसकारा द्या. तळाला पोहोचून मग फुगवू म्हणणारा डायव्हर तळाला आपटतोच. तळापासून दोन मीटर वर पूर्ण थांबता आलं पाहिजे.

अधांतरी राहणं

इथे बीसीडी फुगवायच्या बटणापेक्षा फुप्फुसं कामाला येतात. मोठा श्वास आणि पूर्ण सोडलेला श्वास यात काही लिटरचा फरक असतो, आणि पाण्यात एक लिटर म्हणजे जवळजवळ एक किलो उचल. म्हणून बीसीडीने ढोबळ तोल साधायचा आणि बाकी बारीक काम श्वासावर सोपवायचं. श्वास घेतला की वर, सोडला की खाली; पण लगेच नाही, एक-दोन सेकंदांनी. नवखा माणूस इथेच फसतो. श्वास घेतला, काही झालं नाही, म्हणून बटण दाबलं, आणि मग दोन्हींचा असर एकदम आला. बटण दाबल्यावर एक पूर्ण श्वास घेऊन सोडेपर्यंत थांबा, मगच पुढचं ठरवा.

श्वास रोखू मात्र कधीच नका. फुप्फुसं भरलेली असताना श्वास रोखून मीटर-सव्वा मीटर जरी वर आलात तरी आतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. संथ घ्या, त्याहून संथ सोडा, पण घसा सतत उघडा.

अंग आडवं ठेवा, गुडघे काटकोनात वाकवा, तळपाय आभाळाकडे. बेडूक पोहतो तसे पाय बाजूला नेऊन मागे ढकला आणि मग थोडा वेळ नुसतं सरकत राहा. पाणी मागे जातं, खाली नाही, म्हणून वाळू उडत नाही. हात छातीशी धरा. हात वल्ह्यासारखे फिरत असतील तर तोल अजून बसलेला नाही, हे समजायचं.

सराव वाळूवरच करा. एखादा दगड डोळ्यांसमोर ठेवा आणि तो वरखाली न होऊ देता एक मिनिट तिथेच राहा. मग मास्कमधलं पाणी काढताना, गेज पाहताना, बडीला खूण करताना तेच करून पाहा. हे सहज जमेपर्यंत कॅमेरा बोटीवरच राहू दे. कॅमेऱ्याच्या पडद्यात डोळे अडकले की फिन कुठे आहेत याचं भान सुटतं, आणि बरेच अनुभवी लोकही फोटोसाठी प्रवाळाला टेकतात, हे पाहून वाईट वाटतं.

भित्तीपासून किमान मीटरभर अंतर ठेवा. पाण्यात वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे अंतराचा अंदाज सुरुवातीला चुकतो. काही जवळून पाहायचं असेल तर डोकं खाली आणि पाय वर असे किंचित तिरके व्हा, पाहून झाल्यावर मोठा श्वास घेऊन अंग वर उचलू द्या, आणि मगच फिन हलवा.

काय पाहायचं

एका जागी थांबा. भित्तीची सगळी गोष्ट त्यात आहे. सबंध भित्ती पोहून काढणाऱ्याला पळणारे मासे दिसतात. पाच मिनिटं थांबणाऱ्याला सफाईचं ठिकाण दिसतं: एखाद्या प्रवाळाच्या उंचवट्यावर मोठे मासे तोंड उघडून, कल्ले पसरून निश्चल उभे असतात आणि काळी पट्टी असलेला बोटाएवढा क्लीनर रास नावाचा मासा त्यांच्या दातांमधून आत-बाहेर करत परजीवी वेचत असतो. एक झाला की दुसरा पुढे सरकतो. तुम्ही जवळ गेलात तर रांग मोडते, म्हणून तीन-चार मीटर लांबूनच पाहा.

करकर असा आवाज आला तर आसपास पोपट मासा आहे. तो चोचीने खडक खरवडून शैवाल खातो आणि पोटात दळलेली चुनखडी वाळू होऊन बाहेर पडते. भित्तीजवळच्या पांढऱ्या वाळूचा मोठा वाटा त्याचा. समुद्रफुलात क्लाउनफिशचं कुटुंब असेल तर सगळ्यात मोठी ती मादी. ती गेली की तिचा नर मादी होतो.

तांबडा रंग पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच फिका पडू लागतो, म्हणून दिवसाही छोटा टॉर्च न्या. कपारीत प्रकाश टाकला की करडं वाटलेलं सगळं लालभडक निघतं. प्रकाश थेट डोळ्यांवर मात्र नको.

कशापासून जपायचं

इथले बहुतेक अपघात हात लावल्याने होतात. स्टोनफिश दगडासारखा पडून असतो आणि त्याच्या पाठीचे काटे अत्यंत विषारी असतात. लायनफिशचे काटेही तसेच. या माशांचं विष उष्णतेने निष्प्रभ होतं, म्हणून टोचल्यास जखम सोसवेल इतक्या, पण ४५ अंशांहून कमी गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायची आणि दवाखाना गाठायचा. फायर कोरल खरा प्रवाळ नाही. पिवळसर, पांढऱ्या कडांचा हा जीव स्पर्श होताच भाजल्यासारखी आग करतो. सुंदर नक्षीचा शंकूच्या आकाराचा शंख उचलू नका, त्याचा डंख जीवघेणा ठरू शकतो. वाळूत पाकट पुरून बसलेलं असतं, म्हणून तिथेही पाहिल्याशिवाय टेकू नका.

टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असला तर अंगावर धावून येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाते, म्हणून वर पळू नका. फिन त्याच्या दिशेला ठेवून आडवे दूर जा.

वर येताना

ठरलेल्या आकड्याला फिरा. मिनिटाला ९ मीटर हा वरचा वेग; १८ मीटरवरून यायला किमान दोन मिनिटं लागली पाहिजेत. वर येताना बीसीडीतली हवा फुगत जाते, म्हणून हवा सोडण्याची नळी हातात धरून थोडी थोडी सोडत या. शेवटच्या दहा मीटरमध्ये ती सगळ्यात वेगाने फुगते आणि नवखे तिथेच सुसाट वर जातात.

५ मीटरवर तीन मिनिटं थांबा. वजन बरोबर असेल तर ५० बारवरही इथे आरामात टिकता. तिथून बोया वर सोडा, बोटीचा आवाज ऐका. पण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने येतो आणि दिशा कळत नाही, म्हणून वर पाहत, एक हात डोक्यावर धरून, गोल फिरत शेवटचे मीटर चढा. पृष्ठभागावर आल्याबरोबर बीसीडी फुगवा.

डायव्हनंतर

एका डायव्हनंतर विमानप्रवासाआधी किमान १२ तास, सलग काही दिवस किंवा दिवसात अनेक डायव्ह केले असतील तर किमान १८ तास जाऊ द्या. मी पूर्ण दिवस ठेवते. उंच घाटातून गाडीने जाणंही याच हिशोबात धरा. भरपूर पाणी प्या.

सांधे दुखणं, मुंग्या, बधिरपणा, अंगावर चट्टे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा जबर थकवा जाणवला तर ‘झोपलो की बरं वाटेल’ म्हणू नका. आडवं व्हा, शुद्ध ऑक्सिजन घ्या आणि दाबकक्षाची सोय असलेल्या रुग्णालयाशी किंवा डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या आपत्कालीन सेवेशी लगेच संपर्क साधा. उपचार म्हणून पुन्हा पाण्यात उतरायचं नाही.

साहित्य गोड्या पाण्याने धुवा, बीसीडीच्या आतही पाणी फिरवून काढा. मग नोंदवहीत खोली आणि वेळेबरोबर तीन गोष्टी लिहा: किती वजन होतं, सूट आणि सिलिंडर कोणता होता, आणि सेफ्टी स्टॉपवर रिकाम्या बीसीडीने टिकता आलं की नाही. टिकता आलं नसेल तर पुढच्या वेळी एक किलो जास्त. स्टॉपवरही बीसीडीत बरीच हवा ठेवावी लागली असेल तर एक किलो कमी.